पानेराई घ्या की, पण त्या फॉरवर्डवर विश्वास ठेवून नको

घड्याळवेड्या मंडळींमध्ये एक लांबलचक मेसेज परत परत फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असं की पानेराई हे जगातलं एकमेव खरं लष्करी लक्झरी घड्याळ, इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांनी दुसऱ्या महायुद्धात घातलेलं, फ्लॉरेन्सच्या कारखान्यात बनलेलं, आजही तेच मिळतं, कुठल्याही पाण्यात चालतं आणि किंमत कधी पडत नाही, म्हणून दुसरं काही न बघता हेच घ्या. मला पानेराई आवडतं, अगदी मनापासून. पण या मेसेजमध्ये खऱ्या इतिहासात इतकं पाणी घातलंय की लाखो रुपये मोजायच्या आधी एकेक मुद्दा बघून घेतलेला बरा.

"पानेराईने स्वतःच्या कारखान्यात नौदलासाठी घड्याळं बनवली."

अर्धवट. १८६० साली जोवान्नी पानेराईने फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या पुलावर दुकान टाकलं, पुढे हे घराणं नौदलाला होकायंत्रं, खोली मोजायची यंत्रं, अंधारात चमकणाऱ्या डायली असं सामान पुरवायला लागलं. पाण्याखाली चालेल असं घड्याळ नौदलाने मागितलं तेव्हा, म्हणजे १९३०च्या दशकात, हे लोक गेले कुणाकडे तर रोलेक्सकडे! कारण पानेराई फ्लॉरेन्समध्ये रोलेक्स विकतच होते आणि रोलेक्सकडे १९२६ पासून वॉटरप्रूफ ऑयस्टर केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा डबा, तयार होती. म्हणजे ते ४७ मिलिमीटरचं उशीसारखं दिसणारं घड्याळ, केस रोलेक्सची, आतली मशीन कोर्टेबर्ट या स्विस कंपनीच्या पॉकेट वॉचवरून आलेली, आणि पानेराईचं काय तर रेडियमची ती झगझगीत डायल आणि नौदलाशी असलेला व्यवहार. हे कमी नाही, रात्री गढूळ पाण्यात वेळ दिसणं हेच तर मुख्य काम होतं. पण आजही लिलावात ही जुनी घड्याळं रोलेक्सच्या ३६४६ या रेफरन्स नंबरनेच ओळखली जातात, हे मेसेज लिहिणारा सोयीस्कर विसरलाय.

"चावीच्या बाजूचा तो मोठा लिव्हर म्हणजे युद्धातली खूण."

इथे सगळ्यात जास्त गफलत आहे. पानेराई म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो चावी दाबून धरणारा अर्धगोल गार्ड, म्हणजे लुमिनॉर हे मॉडेल. युद्धातल्या घड्याळाला तो नव्हताच. त्याला साधी स्क्रूची चावी होती आणि पट्टा अडकवायला तारेच्या कड्या. मशीन हाताने चावी द्यायची, म्हणजे रोज स्क्रू उघडा, चावी द्या, परत बंद करा, त्यात सील झिजणार आणि पाणी शिरणार. यावर उपाय म्हणून दाबून धरणारा लिव्हर आला आणि एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं अँजेलस कंपनीचं मशीन आलं, पण तोवर १९५०चं दशक उजाडलं होतं, युद्ध केव्हाच संपलेलं.

ज्या मोहिमेचा फोटो या मेसेजसोबत येतो ती अलेक्झांड्रियाची. १८ डिसेंबर १९४१ च्या रात्री डेसिमा मास या इटालियन नौदलाच्या खास हल्लेखोर तुकडीचे सहा जण माणसांनी चालवायच्या तीन टॉर्पेडोंवर स्वार होऊन बंदरात घुसले (त्या टॉर्पेडोला ते लाडाने माइयाले म्हणायचे, म्हणजे डुक्कर) आणि क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट या दोन ब्रिटिश युद्धनौका पार निकामी केल्या. त्यांच्यातला लुइजी दुरांद दे ला पेन्ने पकडला गेला, त्याला व्हॅलियंटच्याच तळात डांबलं, स्फोटाच्या अगदी जवळ, आणि स्फोटाला थोडी मिनिटं उरली तेव्हा त्याने कॅप्टनला सांगितलं की माणसं बाहेर काढा. १९४५ मध्ये इटलीचं सुवर्णपदक त्याच्या छातीवर लावलं ते त्याच जहाजाच्या माजी कॅप्टनने, चार्ल्स मॉर्गनने. असली गोष्ट असताना खोटा लिव्हर जोडायची गरज काय कळत नाही. गंमत म्हणजे ज्या इजिप्तच्या बंदरात हे घडलं त्याच इजिप्तच्या नौदलासाठी पानेराईने १९५६ मध्ये ६० मिलिमीटरचं अवाढव्य घड्याळ बनवलं.

आणि "शूर सैनिकांचा वारसा मनगटावर" हे जे वाक्य आहे ना, जरा थांबा. ते नौदल मुसोलिनीचं होतं, १९४३ च्या शस्त्रसंधीनंतर डेसिमा मासचा, तिचा कमांडर बोर्गेझे याच्या हाताखालचा, मोठा गट जर्मनांसोबतच राहिला. १० जुलै १९४४ ला इटलीतच टायबरच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढताना रायगडचे नाईक यशवंत घाडगे पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घड्याळ जरूर घाला, फक्त वारसा कुणाचा ते माहीत असू द्या.

"तेव्हापासून आजपर्यंत अखंड परंपरा."

नाही हो. १९७२ मध्ये ज्युझेप्पे पानेराई वारले, धंदा दीनो झेई या माजी नौदल अधिकाऱ्याकडे गेला, सर्वसामान्य माणसाला पहिलं पानेराई विकत मिळालं ते थेट १९९३ मध्ये. मग सिल्व्हेस्टर स्टॅलनला ते आवडलं, हॉलिवूडमध्ये नाव झालं, १९९७ मध्ये व्हांडोम ग्रुपने, म्हणजे आजच्या रिशमाँने कंपनी घेतली आणि उत्पादन स्वित्झर्लंडमध्ये न्यूशॅटेलला गेलं. डायलवर 'स्विस मेड' लिहिलेलं असतं, वाचा. सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मशीन होती युनिटस या दुसऱ्या कंपनीची ६४९७, जी कितीतरी स्वस्त घड्याळांतही सापडते. स्वतःची पी.२००२ मशीन आली २००५ मध्ये.

"तारकर्लीला घालून खुशाल उडी मारा."

मॉडेल बघून मारा. लुमिनॉर ड्यूए २०१६ मध्ये आलं तेव्हा वॉटर रेझिस्टन्स होता ३० मीटर, म्हणजे हात धुण्यापुरता, त्यावर चाहत्यांनीच बोंब मारली होती. साधं लुमिनॉर मरीना ३०० मीटरचं किंवा त्याहून जास्त असलं तरी त्याला पाण्याखाली किती मिनिटं झाली ते मोजणारी फिरती बेझल, म्हणजे काचेभोवतीची कडी, नाही, ती पानेराईच्याच सबमर्सिबल मॉडेलला असते. आणि कुठलंही असो, सील जुने झाले की आकडा फक्त कागदावर. समुद्राआधी प्रेशर टेस्ट करून घ्या, नंतर गोड्या पाण्याने धुवा, लेदरचा पट्टा आधी काढून ठेवा.

"एकमेव खरं लष्करी."

ब्लांपेनचं फिफ्टी फॅदम्स १९५३ मध्ये फ्रेंच नौदलाच्या डायव्हर्ससाठीच बनलं. ट्यूडर फ्रेंच नौदलाकडे वर्षानुवर्षं होतं, आयडब्ल्यूसीचं मार्क ११ रॉयल एअर फोर्सकडे, ब्रिटिश सैन्याला १९४५ मध्ये एका स्पेसिफिकेशनची घड्याळं बारा कंपन्यांनी दिली. यादी मोठी आहे, सोडा.

"किंमत पडत नाही, डोळे झाकून गुंतवणूक."

२०११ चं ब्रॉन्झो, हजारच नग, त्याचा भाव खरंच चढला आणि तेच उदाहरण सगळे देतात. बाकी रोजची मॉडेल सेकंडहँडला लिस्ट प्राइसपेक्षा बऱ्यापैकी खाली मिळतात, कुठल्याही डीलरला विचारा. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून एफ्टा करार, म्हणजे स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या गटाशी भारताचा व्यापार करार, लागू झालाय, स्विस घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरतेय, म्हणजे आज चढ्या ड्युटीचा भाव भरून 'गुंतवणूक' करणाऱ्याने जरा हिशोब करावा. मला विचाराल तर पेपर्स आणि सर्व्हिस रेकॉर्ड असलेलं वापरलेलं लुमिनॉर बघा, आणि घेण्याआधी दुकानात पंधरा मिनिटं हातात घालून बसा, कारण ४४ मिलिमीटर फोटोत छान दिसतं पण बारीक मनगटावर शर्टाची बाहीसुद्धा त्याच्यावर बसत नाही.