‘निम्मा पगार भाड्यात जातो, तरी मी मजेत आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महागड्या वस्तीत एकट्याने भाड्याने राहायचं तर हातात येणारा पगार भाड्याच्या निदान तिप्पट हवा, म्हणजे भाडं साधारण तीस टक्क्यांच्या आसपास, फार तर तिसऱ्या हिश्श्यात बसावं, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती थोडक्यात अशी : ‘हे असले नियम खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांचे!! तीस टक्क्यांचा आकडा आला कुठून? माझा निम्मा पगार भाड्यात जातो, तरी मी मजेत आहे. लोकांना उगाच घाबरवू नका!!!’ 

उद्गारचिन्हं मी मोजली. पाच भरली. एवढ्या जोरात सांगितलेल्या प्रतिक्रियेत ना पगाराचा आकडा आहे, ना भाड्याचा. खुर्चीचं म्हणाल, तर भाडेकरूंचे हिशेब तपासणं हाच माझा व्यवसाय आहे आणि तो खुर्चीत बसूनच होतो.

एक गोष्ट मान्य. तीस टक्के ही काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेत १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीने सरकारी घरांचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधलं आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. म्हणजे आकडा धोरणाचा आहे. पगार खूप मोठा असेल तर चाळीस टक्केही पेलतात. हे लेखात एका ओळीत होतं, दोन ओळी द्यायला हरकत नव्हती.

आता तुमचं ‘निम्मा पगार’. कुठला पगार, साहेब? करारपत्रावरचा की खात्यात जमा होणारा? न्यूयॉर्कमध्ये घरमालक साधारणपणे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट मागतात. म्हणजे भाडं उत्पन्नाच्या ३० टक्के, पण ते करापूर्वीच्या उत्पन्नाच्या. कर आणि कपातीत चौथा हिस्सा गेला तर तेच भाडं हातातल्या पैशाच्या ४० टक्के होतं. ब्रिटनमध्ये एजंट साधारण ३० पट बघतात. तिथे कागदावर ४० टक्के, आणि तेवढीच कपात धरली तर हातातले ५३. अशा चाळणीतून पार पडलात म्हणजे घर परवडलं असं होत नाही. मालक फक्त एवढंच बघतो की त्याचं भाडं येईल का. तुमच्याकडे काय उरेल, हा त्याचा प्रश्नच नाही.

आपण हातातलाच पगार धरू : १००. भाडं ५०. वीज, पाणी, इंटरनेट, देखभाल, जेवण, प्रवास, विमा, फोन मिळून ४२. उरले ८. इथपर्यंत तुमची ‘मजा’ मला समजते. आता दरवर्षी भाडं १० टक्के आणि पगार व बाकीचा खर्च ५ टक्के वाढला असं धरा. दुसऱ्या वर्षी उरतात ५.९, तिसऱ्या वर्षी ३.४. भाडं ३३ असतं तर त्याच वाढीला उरलेले २५ आधी २४.६ आणि मग २४ झाले असते. निम्मा पगार देणाऱ्याचं गणित आज नाही, दरवेळी करार वाढवताना ढासळत जातं. आज मजेत असणं हा त्यावरचा पुरावा होत नाही, एवढं तरी आपण समजून घ्याल ही अपेक्षा.

आणि ‘एकट्याने’ हा मुद्दा तर तुम्ही पार गिळूनच टाकलात. दोन खोल्यांचं घर दोघांत वाटलं तर स्वयंपाकघर, बाथरूम, इंटरनेट, फ्रिजची वीज, अनामत सगळंच अर्धं होतं. एका खोलीचं घर घेतलं की खोली एक कमी होते, बाकी सगळं पूर्ण तुमच्या डोक्यावर. म्हणून एका खोलीचं भाडं दोन खोल्यांच्या निम्मं सहसा नसतं. त्यात दोन महिने पगार थांबला तर भाडं सावरायला दुसरं कोणी नाही. तुमच्या हिशेबात दोन महिन्यांची गरज १८४. महिन्याला ८ उरत असतील तर तेवढी गंगाजळी जमायला २३ महिने लागतात. भाडं ३३ असेल तर गरज १५०, आणि ती सहा महिन्यांत जमते.

घर बदलायचं झालं की आणखी एक फटका. जुनी अनामत किल्ल्या दिल्यावर, रंगरंगोटीचे पैसे कापून परत येते, नवी मात्र किल्ल्या घेण्याआधी भरावी लागते. तीन महिन्यांची अनामत, एक महिन्याचं आगाऊ भाडं आणि एक महिन्याची दलाली धरली तर पाच भाडी, म्हणजे २५०. तुमचे अडीच पगार, एकरकमी. ज्याच्याकडे ते नसतात तो भाडं वाढलं तरी घर सोडू शकत नाही, आणि हे मालकाला बरोबर कळतं. वाटाघाटीत मग तुमची बाजू उरतच नाही.

 

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आकड्यांनिशी : खात्यात जमा होणारा पगार, सगळे आकार धरून भाडं, आणि मागच्या वेळी करार वाढवताना भाडं किती टक्के वाढलं. नुसतं ‘मी मजेत आहे’ एवढंच असेल, तर अभिनंदन. त्याला वेगळं उत्तर येणार नाही.