टाळकरी बायकांना तुरुंगाची भीती कशाला घालता?

आमच्या आईच्या भजनी मंडळाने गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून सह्या घ्यायला सुरुवात केली होती. परवा तिच्या मोबाईलवर मेसेज आला: धार्मिक मंडळींनी सरकारी धोरणात तोंड घालायला घटनेची बंदी आहे, 5 वर्षं तुरुंग होतो, वारकऱ्यांनी असलं कधी केलं नाही आणि करून काही होतही नाही. आईने सह्यांची वही पोथ्यांच्या कपाटात ठेवून दिली. आधी विचारलं असतं तर बरं, पण भीती विचारत बसत नाही.

बायका घाबरल्या त्या तुरुंगाला, म्हणून आधी तेच. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा 1988 चा कायदा आहे, त्यात 5 वर्षांपर्यंत कैदही आहे. मान्य. राजकीय कामाची त्यातली व्याख्यासुद्धा ऐसपैस आहे. पण तो कायदा काढून वाचा. बंधन आहे ते धार्मिक संस्थेवर आणि तिच्या कारभाऱ्यांवर. देवस्थानची जागा, पैसा, उत्सव राजकीय कामासाठी वापरायचा नाही. घरोघर जाऊन सही मागणाऱ्या बाईला तो अडवत नाही. शंका वाटते ना? मग वही देवळात उघडू नका, ओट्यावर उघडा. आणि दारूच्या दुकानाबाबत तर हा रस्ता सरकारनेच नियमात घालून दिलाय: गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला की दुकान बंद. हा नियम वापरणाऱ्या बाईला गुन्हेगार म्हणता?

घटनेच्या बंदीचं म्हणाल, तर 19 वा अनुच्छेद बोलायचं स्वातंत्र्य नागरिकाला देतो. गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणून नागरिकत्व जात नाही. धर्माच्या नावावर मतं मागायला मात्र मनाई आहे, आणि ती असायलाच हवी.

वारकऱ्यांनी कधी केलं नाही? 1947 च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते वारकरी तनपुरे महाराजांच्या मठात. आणि वारकरीच कशाला, वसईत हिरवा पट्टा वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ख्रिस्ती धर्मगुरूही रस्त्यावर उतरले होते.

काही होत नाही, हेही खोटं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला वारकऱ्यांनी हरकती घेतल्या. त्यातल्या सगळ्या मला पटत नाहीत. पण यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात आज स्पष्ट लिहिलेलं आहे.

काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. वहीत 112 सह्या आहेत, अजून साठेक लागतील. आज हरिपाठ झाला की ती आणि शेजारच्या काकू वरच्या आळीत जाणार आहेत.