तीन दिवसांत अळी मेली नाही, म्हणून बुरशी बोगस?

मक्यावरची लष्करी अळी, भातावरचे तुडतुडे, गव्हावरचा मावा यांच्यासाठी मित्रबुरशी, म्हणजे किडींना रोग आणून मारणारी बुरशी, अजिबात फवारू नका, असं सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : फवारून तीन दिवस झाले तरी अळी जिवंत, म्हणजे औषध बोगस. बुरशी हा रोगच, तेव्हा पीक सडणार. ती श्वासातून माणसाच्या अंगात शिरून वाढते. आणि पाऊस नसेल तर तिचा काही उपयोग नाही. हे वाचून लोक एक चांगला उपाय न वापरताच सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अळी तीन दिवसांत मरत नाही, हे खरंच आहे. ती तशी मरावी अशी अपेक्षाच चुकीची. बरीचशी रासायनिक कीटकनाशकं किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, त्यामुळे काही तासांत ती तडफडताना दिसते. बुरशीला आधी रुजावं लागतं. बिव्हेरिया किंवा मेटाऱ्हायझियम या मित्रबुरशींचा बीजाणू किडीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की त्याला मोड फुटतो. हा मोड कातडीतली प्रथिनं आणि कायटिन विरघळवणारी विकरं सोडतो, वर जोरही लावतो आणि आत घुसतो. मग किडीच्या रक्तात बुरशी वाढत जाते. या सगळ्याला साधारण चार ते दहा दिवस लागतात. थंडीत आणि मोठ्या अळीत जास्तच. म्हणून अळ्या लहान असतानाच फवारायचं. बऱ्याचदा मरायच्या आधीच किडीचं खाणं मंदावतं. तिसऱ्या दिवशी नुसत्या जिवंत अळ्या मोजून निकाल लावला, तर हे कळणारच नाही.

आठवड्याने मक्याचा पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडून बघा. बुरशीने मेलेली अळी पानाला चिकटलेली असते आणि बोटाला कडक लागते. हवेत ओल असेल तर तिच्या अंगावर पांढरी बुरशी चढते. मेटाऱ्हायझियमची रायली ही जात असेल तर हीच पांढरी साय पुढे फिकट हिरवी होते. शंका असेल तर मेलेली अळी ओल्या कागदावर ठेवून डबी बंद करा; तीन-चार दिवसांत अंगावर बुरशी उगवली तर मरणाचं कारण हातात येतं. आणखी एक गोष्ट या मजकुरात कुठेच नाही. अळ्या मारायला फवारतात तो बीटी जिवाणू किडीच्या पोटात जावा लागतो, बुरशीला नुसता स्पर्श पुरतो. म्हणूनच मावा आणि तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवरही ती चालते.

पीक सडण्याची भीती तर निराधार आहे. तांबेरा आणि करपा आणणाऱ्या बुरशी वेगळ्या. उलट बिव्हेरिया मक्याच्या ताटात शिरून रोग न करता राहू शकते आणि त्यामुळे खोडकिड्याचं नुकसान कमी होतं, हे अमेरिकेतल्या आयोवात 1991च्या सुमारासच दिसलं होतं.

माणसाच्या बाबतीत जरा जपून बोलायला हवं. या बुरशींना साधारण 25 ते 30 अंश तापमान मानवतं. 37 अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेला, त्यांच्या बहुतेक वाणांची वाढ थांबते किंवा फार मंदावते. प्रतिकारशक्ती अगदी ढासळलेल्या रुग्णांत संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळा. भुकटीची अ‍ॅलर्जी मात्र होऊ शकते, म्हणून मिसळताना आणि फवारताना तोंडाला मास्क हवाच.

पावसाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 1890च्या आसपास फ्रान्सिस स्नो या प्राध्यापकांनी गहू-मक्याचा रस शोषणाऱ्या ढेकणांवरची बुरशी शेतकऱ्यांना वाटली. पुढे लक्षात आलं की ती बुरशी शेतात आधीपासूनच होती, आणि ढेकणांत तिची साथ येणार की नाही हे हवामान ठरवत होतं. पण गोष्ट तिथेच थांबली नाही. 1989 साली आफ्रिकेतल्या टोळांसाठी ‘लुबिलोसा’ नावाचा संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यात मेटाऱ्हायझियमचे बीजाणू तेलात मिसळले, आणि कोरड्या हवेतही टोळांना लागण झाली. 2009 मध्ये टांझानियात लाल टोळांवर हीच बुरशी मोठ्या क्षेत्रावर फवारली गेली. तेव्हा पाऊस हवाच असं नाही. बीजाणूंचा खरा वैरी म्हणजे ऊन. त्यातले अतिनील किरण त्यांना काही तासांत निकामी करतात. फवारणी संध्याकाळी, आणि मक्यात थेट पोंग्यात करावी; तिथे सावली आणि ओल दोन्ही टिकतात.

खरी काळजी घ्यायची ती दुसरीकडेच, आणि त्याबद्दल हा मजकूर गप्प आहे. बुरशीनाशकाबरोबर एकाच टाकीत मिसळलं तर मित्रबुरशीही मरते. उन्हात तापलेल्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटात जिवंत बीजाणू फारसे उरत नाहीत. फसगतीच्या बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात, असं मला वाटतं. आणि जवळपास रेशमाचे किडे पाळलेले असतील, तर बिव्हेरिया तिकडे नेऊच नका. 1835 साली इटलीतल्या अगोस्तिनो बासी यांनी ही बुरशी दाखवून दिली ती रेशमाच्या मेलेल्या किड्यांवरच, आणि तिच्या ‘बिव्हेरिया बॅसियाना’ या पूर्ण नावातलं ‘बॅसियाना’ त्यांच्यावरूनच आलं आहे.