निवृत्त पोलिसांचा सन्मान नियमाने व्हावा

मुंबईतील बीडीडी (ब्रिटिश काळातील बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींत वर्षानुवर्षे राहिलेल्या सेवेतील व सेवानिवृत्त पोलिसांना पुनर्विकासात मालकीचे घर किती रुपयांना द्यावे, यावर २०२२ मध्ये वाद झाला आणि आधी पन्नास लाख, मग पंचवीस लाख, अखेर पंधरा लाख असा आकडा काही महिन्यांतच खाली आला. इतर सरकारी कर्मचाऱ्यांना जे मिळत नाही ते पोलिसांनाच का, हा आक्षेप स्वस्त घराच्या या मागणीवर घेतला जातो. इंग्लंडमधून हे सारे वाचताना मला किमतीपेक्षा ती ठरण्याची रीत अधिक खटकते.

इथे वीस वर्षे चांगली सेवा केलेला पोलीस, मग तो साधा शिपाई असो की दलाचा प्रमुख, १९५१ पासून चालत आलेल्या एकाच दीर्घसेवा पदकाचा मानकरी ठरतो. आपल्याकडे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होणाऱ्या पदकांचे मोल मोठेच आहे, पण ती निवडकांच्या वाट्याला येतात. गणपती, निवडणुका आणि मोर्चे यांच्या बंदोबस्तात उमेद खर्ची घातलेला हवालदार अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडतो, आणि पोलीस वसाहतीतली खोली सोडून जायचे कुठे, हा प्रश्न त्याच्या कुटुंबापुढे उभा राहतो. त्यातच १ नोव्हेंबर २००५ पासून भरती झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची हमी उरली नाही.

इंग्लंडचे सरकार याबाबत उदार आहे, असे मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये इथेही निवृत्तिवेतन योजना बदलली. मात्र ज्येष्ठांना जुन्या योजनेत ठेवून तरुणांना वगळणे हा वयावरून केलेला भेदभाव आहे, असे न्यायालयाने २०१८ मध्ये न्यायाधीश आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या खटल्यांत ठरवले, आणि पुढे पोलिसांनाही तोच न्याय लावावा लागला. सेवेशी निगडित गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पोलिसाचे निवृत्तिवेतन पासष्ट टक्क्यांपर्यंत जप्त करण्याची तरतूदही इथे आहे, आणि ती मला योग्य वाटते, कारण तिच्यामुळे प्रामाणिकपणे निवृत्त झालेल्यांचा मान राखला जातो.

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या पोलिसांना घरे मिळाली, तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु गडचिरोलीत नोकरी केलेल्या शिपायाची वसाहत पुनर्विकासाच्या वाटेवर नव्हती, एवढ्याच कारणाने तो वंचित राहावा, हे मला पटत नाही. निवृत्तीनंतरच्या घराचा हक्क सेवेच्या वर्षांवर ठरवणारा एकच नियम राज्यभर असावा आणि तो भरतीच्या वेळीच प्रत्येकाला लेखी कळवावा.