खोटी बेरीज मुकाट्याने मान्य करणारा राउटर

प्रत्यक्षात सेकंदाला 32 एमबिट (मेगाबिट) वाहणाऱ्या इंटरनेटच्या लाइनवर 50 एमबिटची हमी वाटता येत नाही, हे चौथीतल्या मुलालाही कळते. राउटरला मात्र ते कळत नाही, किंवा कळले तरी तो एका शब्दाने सांगत नाही, आणि गेले कित्येक आठवडे माझा जो संताप होत आहे तो नेमका याच गोष्टीमुळे होत आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. गावात फायबरची एकच लाइन येते आणि तिच्यावर ग्रामपंचायतीचे कार्यालय, सेवा केंद्र, मुलांची अभ्यासिका आणि चावडीजवळचे सार्वजनिक वाय-फाय असे चार वाटेकरी आहेत. कागदावर लाइनचा वेग 50 एमबिट ‘पर्यंत’ आहे. जोडणी करून देणाऱ्या तंत्रज्ञाने लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर चालणारा राउटर बसवला आणि त्यात एचटीबी म्हणजे हायरार्किकल टोकन बकेट या पद्धतीने वाटणी मांडून दिली: वर 50 एमबिटचा पॅरेंट क्लास, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकूण वाटा, त्याच्या खाली सेवा केंद्राला 15, अभ्यासिकेला 20, कार्यालयाला 10 आणि सार्वजनिक वाय-फायला 5 एमबिटची हमी. या पद्धतीत प्रत्येक क्लासला दोन आकडे द्यायचे असतात. ‘रेट’ म्हणजे काहीही झाले तरी मिळणारा वाटा, आणि ‘सील’ म्हणजे इतरांचा वाटा रिकामा असेल तर पॅरेंटकडून उसना घेऊन जास्तीत जास्त कुठवर जाता येईल ती मर्यादा. मार्टिन देवेरा यांनी लिहिलेली ही पद्धत 2002 पासून लिनक्सच्या मूळ गाभ्यात आहे आणि तिची कल्पना खरोखरच उत्तम आहे. म्हणूनच तिच्या भोवतीचा निष्काळजीपणा अधिक जिव्हारी लागतो.

कागदावर सेवा केंद्राला 15 एमबिट राखून ठेवलेले असताना प्रत्यक्षात संध्याकाळी काय होत होते ते सांगतो. दिवसभर वावरात असलेली माणसे दिवे लागण्याच्या सुमारास केंद्रावर येतात. कोणाचे पीएम-किसानचे ई-केवायसी राहिलेले असते, कोणाला अंगठा देऊन खात्यातले पैसे काढायचे असतात, आणि जुलैचे शेवटचे दिवस असतील तर खरीप पीक विम्याच्या अर्जासाठी ओट्यापर्यंत रांग लागते. त्याच वेळी अभ्यासिकेतली मुले भरतीच्या तयारीचे व्हिडिओ पाहत असतात आणि चावडीवर फोन सुरू असतात. अंगठ्याच्या पडताळणीला मोठी बँडविड्थ लागतच नाही. काही किलोबाइटचा निरोप जायचा आणि तेवढेच उत्तर परत यायचे असते. तो फक्त वेळेत पोचला पाहिजे. तो वेळेत पोचत नव्हता, पडद्यावरचे चक्र फिरत राहायचे आणि शेवटी विनंतीची मुदत संपायची. केंद्र चालवणारा पोरगा मग समोरच्या आजीला सांगायचा की कापूस वेचून, निंदून तुमचा ठसा घासला आहे, उद्या दुसरे बोट लावून पाहू. आजी आपल्या बोटांकडे पाहत विचारायची, “काय रे बाबू, माह्या अंगठ्यातच दोष हाये का?” दोष तिच्या अंगठ्यात नव्हता. आयुष्यभर कष्ट केलेल्या बाईला तिच्या हाताची लाज वाटावी आणि खरा दोष पंख्याखाली हिरवा दिवा मिरवणाऱ्या डब्यात असावा, हे मला सहन होत नाही.

राउटरचे क्लासनिहाय आकडे काढले तेव्हा पहिला धागा मिळाला. ज्या क्षणी सेवा केंद्र अडकलेले होते त्याच क्षणी त्याच्या क्लासचा बॅकलॉग म्हणजे साचलेली रांग शून्य होती आणि टाकून दिलेली पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, तेही शून्य. वरवर पाहणाऱ्याला हे आरोग्याचे लक्षण वाटेल, पण त्याचा अर्थ अगदी उलटा आहे. रांग आमच्या राउटरमध्ये साचतच नव्हती; ती पुढे, सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रात साचत होती. तिथे आमचा रेट, आमचे सील, आमचा अग्रक्रम यांना काडीची किंमत नाही. तिथे पीक विम्याचा अर्ज आणि कोणाच्या तरी फोनवरचा सिनेमा एकाच रांगेत उभे राहतात. वाटणी करायची असेल तर रांग आपल्या ताब्यात असली पाहिजे, आणि रांग ताब्यात राहण्यासाठी पॅरेंटचा आकडा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी असला पाहिजे. लाइन संध्याकाळी 32 एमबिट देत होती आणि आमच्या पॅरेंटवर 50 लिहिलेले होते. म्हणजे पॅरेंटची मर्यादा कधी लागूच होत नव्हती.

तंत्रज्ञाला फोन केला तर त्याने दुरूनच पॅरेंट 28 केला आणि काम झाले असे कळवले. काहीही झाले नव्हते, आणि हा भाग मला सविस्तर सांगितलाच पाहिजे, कारण संताप इथे आहे. खालच्या चार क्लासच्या हमीची बेरीज 50 तशीच राहिली होती. एचटीबीमध्ये एखाद्या क्लासकडे स्वतःच्या रेटचे टोकन, म्हणजे पाठवण्याची परवानगी, शिल्लक असेल तर तो पॅरेंटला विचारत नाही, सरळ पॅकेट पाठवतो. पॅरेंटकडे जावे लागते ते फक्त रेटच्या वर उसने घ्यायचे असेल तेव्हा. त्यामुळे खालच्या म्हणजे चाइल्ड क्लासच्या हमीची बेरीज पॅरेंटपेक्षा मोठी झाली की पॅरेंटचा आकडा केवळ शोभेला उरतो आणि चौघे मिळून 28 च्या कितीतरी वर जातात. मुख्य कालव्यात सोडलेच नाही एवढे पाणी वितरिकांच्या दारांवर लिहून ठेवले, तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वावरात ते येणार कुठून? मांडणी करणाऱ्याने ही बेरीज जुळवावी, असे जाणकार सांगतात. ठीक आहे, पण मग यंत्राने आकडे स्वीकारताना ती तपासायला काय हरकत होती? चार संख्यांची बेरीज करून पाचवीशी ताडून पाहणे हे कोट्यवधी पॅकेट्स मोजणाऱ्या प्रणालीला जड जाते काय? आणि ती इशारे देतच नाही असेही नाही. आमच्या राउटरच्या नोंदींमध्ये अभ्यासिकेच्या क्लासचा क्वांटम (एका फेरीत पाठवायचे बाइट) मोठा आहे, आरटूक्यू (तो काढायचा भाजक) बदलण्याचा विचार करा, असा इशारा आलेला होता. 20 एमबिटचा रेट ठेवला की तो येतोच, कारण बाइटमध्ये मांडलेल्या रेटला 10 ने भागून येणारा आकडा 2 लाखांच्या पुढे जातो. ही बारीकशी गोष्ट सांगायला तिला वेळ आहे. 28 मध्ये 50 कोंबले आहेत हे सांगायला नाही.

राउटरच्या क्लासनिहाय यादीत सार्वजनिक वाय-फायचे सील पाहून मी थक्क झालो. तंत्रज्ञाने ते 10 ठेवले होते, निदान आज्ञावलीत तसे लिहिले होते, आणि राउटर मात्र 80 एमबिट दाखवत होता. कारण असे की लिनक्सच्या ‘टीसी’ या आज्ञेत ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट, पण ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबाइट प्रतिसेकंद. गावातल्या पोरापासून कंपनीच्या जाहिरातीपर्यंत सारा देश ज्या अक्षरांनी मेगाबिट समजतो, त्याच अक्षरांचा अर्थ इथे आठपट होतो. हे मार्गदर्शक पानावर लिहिलेले आहे हे मला मान्य आहे. तरीही 50 च्या लाइनवर 80 चे सील मागितले जात असताना कुठेही खटकू नये, कोणी एकदाही विचारू नये, हे मला मान्य नाही. आणि जो माणूस हे काम पैसे घेऊन करतो त्याने आपण लिहिलेला आकडा राउटरने कसा वाचला एवढे तरी परत पाहायला हवे की नको? कुठून तरी उतरवून घेतलेली आज्ञावली चिकटवायची, एक वेगचाचणी करून दाखवायची आणि मोटारसायकलला किक मारायची, याला जोडणी म्हणत नाहीत.

वाटणीच्या बाहेरून निसटणारी वाहतूक ही आणखी एक चीड आणणारी बाब. कोणत्याच नियमात न बसणाऱ्या पॅकेट्ससाठी ‘डीफॉल्ट’ क्लास सांगितलेला नसेल तर एचटीबी ती अडवत नाही. ती सगळ्या क्लासना वळसा घालून यंत्राच्या पूर्ण वेगाने निघून जातात. आमच्याकडे डीफॉल्ट सांगितलेला नव्हता आणि ओळख पटवण्याचे सारे नियम आयपीव्ही4 या जुन्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांसाठीच लिहिलेले होते, तर लाइन आयपीव्ही6 हे नवे पत्ते देखील देत होती. फोनवरचे बहुतेक मोठे व्हिडिओ नव्या पत्त्यांवरून येत होते, म्हणजे जी वाहतूक आवरायची तीच मोकळी. शिवाय हार्डवेअर ऑफलोड सुरू ठेवलेले होते. त्यात एकदा जोडणी ठरली की पुढची पॅकेट्स चिपमधूनच पार होतात आणि वाटणीच्या रांगेपर्यंत येतच नाहीत. वेगचाचणीचा आकडा देखणा दिसावा म्हणून ती सोय चालू ठेवायची आणि त्याच डब्यावर वाटणीही मांडून द्यायची, हे ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकणे आहे.

सेवा पुरवणाऱ्याबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण त्याच्याशी बोलून काही हाती लागत नाही. दुपारी दोन वाजता चाचणी केली तर 48 येतात, आणि तो तोच आकडा पुढे करतो. संध्याकाळचे 32 दाखवले की ‘पर्यंत’ हा शब्द पुढे करतो. मला 50 मिळावेत असा माझा हट्टही नाही. संध्याकाळी खात्रीने किती मिळतात तेवढा एक आकडा लेखी द्या, एवढेच मागणे आहे, कारण त्या एका आकड्यावर खालची सगळी वाटणी उभी राहते. तो आकडा कोणी देत नाही, म्हणून मी वेगवेगळ्या दिवशी संध्याकाळी मोजमाप करून पॅरेंट 28 वर पक्का केला आणि हमी नव्याने मांडली: सेवा केंद्राला 6, अभ्यासिकेला 12, कार्यालयाला 4, सार्वजनिक वाय-फायला 6. बेरीज 28. सेवा केंद्राची हमी 15 वरून 6 वर आणली म्हणून सुरुवातीला कुरबूर झाली, पण खरे 6 हे खोट्या 15 पेक्षा मोठे असतात हे पहिल्याच संध्याकाळी दिसले.

क्लासच्या आतली रांगही तशीच सोडलेली होती. वेगळे काही सांगितले नाही तर खालच्या प्रत्येक क्लासमध्ये साधी रांग बसते, आमच्याकडे 1000 पॅकेट्सची. दीड हजार बाइटचे एक पॅकेट धरले तर ती रांग 12 मेगाबिटची झाली, आणि 15 एमबिटच्या वेगाने ती उपसायला 0.8 सेकंद लागतात. केंद्रातल्या एका संगणकाने स्वतःचे अपडेट उतरवायला घेतले की शेजारच्या अंगठ्याच्या यंत्राचे उत्तर त्याच्या मागे अडकणार. याचे औषध एफक्यू-कोडेल आहे. ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, रेंगाळणाऱ्या पॅकेट्सना वेळीच टाकून देते आणि 2012 पासून लिनक्समध्ये फुकट उपलब्ध आहे. एका ओळीचे काम होते. ती ओळ लिहिलेली नव्हती.

आणि आता अपलोड, जिथे अजूनही माझे डोके फिरते. अपलोडची वाटणी सेवा पुरवणाऱ्याशी होणाऱ्या पीपीपी जोडणीच्या इंटरफेसवर, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या दारावर, बसवावी लागते. आमच्याकडे राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण पुढच्या खांबावरचे यंत्र नाही. वादळवाऱ्यात किंवा भारनियमनात तिकडची वीज गेली की जोडणी तुटते, वीज आली की आपोआप जुळते, आणि जुळताना तो इंटरफेस नव्याने तयार होतो. जुन्या इंटरफेसबरोबर त्याच्यावर बसवलेली संपूर्ण वाटणी नाहीशी होते. राउटर बंद पडलेला नसतो, दिवा हिरवाच असतो, इंटरनेटही चालू असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. फक्त चावडीवर कोणाचे तरी लग्नाचे फोटो वर चढू लागले की अंगठा पुन्हा अडकतो. संध्याकाळचा अपलोड 6 एमबिटचा आहे. पुढच्या यंत्रात 1 मेगाबाइट साचले तरी प्रत्येक निरोप 1.3 सेकंद मागे पडतो, आणि एका पडताळणीत असे निरोप अनेकदा जातात-येतात. ज्या भागात पावसाळ्यात वीज दिवसातून कितीही वेळा जाते तिथे बसवायच्या राउटरमध्ये जोडणी परत जुळताच वाटणी पुन्हा लावण्याची व्यवस्था तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ती मी आता जोडणी जुळल्यावर चालणाऱ्या आज्ञावलीत स्वतः घातली आहे, आणि वाटणी जागेवर नसेल तर केंद्राच्या पडद्यावर लाल अक्षरात सूचना येईल असेही करून ठेवले आहे, म्हणजे केंद्रातला पोरगा निदान आजीच्या बोटांना दोष देणार नाही. त्या तंत्रज्ञाने मात्र मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात तीच जुनी आज्ञावली, तोच 50 चा पॅरेंट आणि तेच 10 ‘एमबीपीएस’ जसेच्या तसे बसवून दिले आहेत, आणि त्याचे बिल मंजूरही झाले आहे.