फॉल्ट कुठल्या खांबावर?

आज सकाळी मेल आला. ‘केविनने दिलेली सेवा तुम्हाला कशी वाटली? पाचपैकी किती स्टार द्याल?’ खाली पाच रिकामे स्टार आणि एक हसरा चेहरा. मी दात घासत होतो. ब्रश तोंडात ठेवूनच मी जे काही बोललो ते फेसामुळे घरात कुणाला कळलं नाही, हे बरंच झालं.

प्रकरण कोजागिरीचं आहे. मावशी सदाशिव पेठेत फराळाचं करते. परदेशी जाणारा फराळ दिवाळीआधी पोचायचा तर त्याची ऑर्डर दसऱ्याच्या सुमारासच घ्यावी लागते, आणि न्यू जर्सीतल्या सुना फोन करून ‘मावशी, अर्धा किलो अनारसे’ म्हणत नाहीत. त्यांना बटण लागतं. म्हणून साइट. ती मी करून दिली, कारण पंचवीस वर्षांपूर्वी एका लग्नात अडकलेला प्रिंटर मी चालू केला होता आणि तेव्हापासून ‘ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ हा शिक्का आमच्या घराण्यात माझ्या कपाळावर आहे. साइट वर्डप्रेसवर. हे सॉफ्टवेअर २००३ साली निघालं, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, आणि ते फुकट आहे. महाग आहे ती ते ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग. पुण्यात हे वेगळं सांगायला नको.

आधी आम्ही शेअर्ड होस्टिंगवर होतो. शेअर्ड म्हणजे वाडा. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं आणि चौकात एक नळ. कुणाकडे मुंज निघाली की बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या. मावशीचं पान उघडेपर्यंत चकली थंड व्हायची. तेव्हा मला वाटलं, आता मॅनेज्ड होस्टिंग घ्यावं. अपडेट तेच करणार, बॅकअप तेच घेणार, सुरक्षा तेच बघणार. आपण फक्त पैसे भरायचे आणि निवांत झोपायचं. ‘मॅनेज्ड’ हा शब्द मी त्याच श्रद्धेने वाचला ज्या श्रद्धेने लोक फ्लॅटच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ वाचतात.

निवडताना ‘सर्वोत्तम दहा होस्टिंग’ छापाचे इतके लेख वाचले की शेवटी लक्षात आलं, दहाही जण सर्वोत्तम आहेत, कारण प्रत्येक दुव्यामागे लिहिणाऱ्याचं कमिशन आहे. वधूवर सूचक मंडळाच्या चालकाने ‘मुलगा थोडा रागीट आहे’ असं कधी सांगितल्याचं ऐकलंय? दर स्वस्त दिसला तो तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरले तर. वर अठरा टक्के जीएसटी. तीन वर्षांनी नूतनीकरणाचा दर काय, ते इतक्या बारीक अक्षरात होतं की मी चष्मा बदलून आलो आणि वाचून परत जुना चष्मा लावला. शिवाय त्यांच्याकडे ठरावीक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे तयार भाग, चालत नाहीत. बॅकअपचं आमचंच वापरा, कॅशिंगचं आमचंच. मंगल कार्यालयात बाहेरचा केटरर चालत नाही तसंच. आणि ९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साइट चालू राहण्याची, हमी! मी हिशेब केला: उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. हे पावणेनऊ तास कधी येणार ते मात्र लिहिलेलं नसतं. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा निदान आदल्या दिवशी पेपरात तरी येतं.

तर कोजागिरी. मावशीच्या गच्चीवर पातेलं चढलेलं, दूध आटतंय, चारोळ्या पडतायत, आणि साडेआठला तिच्या भाचीचा बोस्टनहून मेसेज: ‘साइट उघडत नाहीये.’ मी फोनवर बघितलं. पांढरं पान. ५०३. सेवा उपलब्ध नाही.

मी लॅपटॉप घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात बसलो, होस्टिंग कंपनीचं मदतीचं चॅट उघडलं, आणि शेजारी येऊन बसले बापूकाका.

बापूकाका म्हणजे मावशीचे यजमान. टेलिफोन खात्यातून निवृत्त. सबंध नोकरी फॉल्ट शोधण्यात गेली, आणि त्यांची ठाम समजूत अशी की जगात कुठलीही गोष्ट बंद पडली तर त्यामागे एक खांब असतो, खांबावर एक डबा असतो, आणि डब्यात एक तार सुटलेली असते.

“काय झालं?”

“साइट बंद पडलीय काका.”

“कुठे बंद पडलीय?”

“कुठे म्हणजे… सर्व्हरवर.”

“तो कुठे आहे?”

“मुंबईला.”

“मुंबईत कुठे?”

“ते सांगत नाहीत.”

काका गप्प झाले. मग म्हणाले, “सव्वासातच्या डेक्कन क्वीनने मी उद्या जाऊन येतो. तू फक्त पत्ता काढ.”

तेवढ्यात चॅटवर केविन प्रकटला. तो इंग्रजीत लिहीत होता आणि मी काकांसाठी मराठीत वाचत होतो. ‘नमस्कार, मी केविन. तुम्हाला होणारा त्रास मी पूर्णपणे समजू शकतो.’

“समजलाय ना? मग सांग म्हणावं.”

‘कृपया तुमच्या ब्राउझरची कॅश क्लिअर करून बघा.’

“रोख?” काका म्हणाले. “आपण कार्डाने भरलेत ना?”

मी कॅश म्हणजे काय ते सांगितलं. पान दर वेळी नव्याने बनवण्यापेक्षा एकदा बनवून ठेवतात आणि तेच वाढतात. काकांनी मान डोलावली. “आणि हे करून काय होईल?”

“काही नाही होणार. साइट बोस्टनमध्येपण उघडत नाहीये.”

“मग तो वेळ काढतोय. आम्हीपण तेच करायचो. १९८ ला तक्रार आली की पहिलं वाक्य, रिसीव्हर नीट ठेवलाय का बघा. तोपर्यंत आम्ही पेपर वाचायचो.”

केविन: ‘दुसऱ्या नेटवर्कवरून उघडून बघाल का?’

काका: “दुसऱ्या खोलीतला फोन उचलून बघा. हेही आमचंच.”

केविन: ‘मी तुमचं तिकीट, म्हणजे तक्रार, वरच्या टीमकडे पाठवतो. २४ ते ४८ तासांत उत्तर मिळेल. दरम्यान, तुम्ही वरचा प्लॅन घेतलात तर…’ आणि दुवा. तो दुवा त्याने एकूण तीनदा पाठवला. मी कुतूहल म्हणून दाबून बघितला. पैसे भरायचं पान पापणी लवायच्या आत उघडलं. त्याला ५०३ ठाऊकच नव्हतं.

इथे मला खरोखर राग आला, आणि राग येऊन करायचं काय हेच कळेना. पुण्याच्या दुकानदारांना आपण नावं ठेवतो. पण ‘हे मिळेल का’ असं विचारल्यावर पुण्यातला दुकानदार अडीच सेकंदांत ‘नाही’ म्हणतो. मान वरसुद्धा करत नाही. तुम्ही अपमानित होता, पण मोकळे होता, पुढच्या दुकानात जाता. इथे पाऊण तास एक माणूस मला ‘तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत’ म्हणत होता. संयम मी त्याला दिलेला नव्हता, त्याने तो घेतला होता. ‘जमणार नाही’ एवढं त्याच्या तोंडून निघालं असतं तर मी त्याला निम्मे पैसे सोडून दिले असते.

“त्याला विचार,” काका म्हणाले, “फॉल्ट तुमच्या बाजूचा की आमच्या?”

मी थांबलो. गेल्या पाऊण तासात हा प्रश्न मला सुचला नव्हता. विचारला. केविन टाइप करतोय, टाइप करतोय, थांबला. ‘मला तुमची काळजी समजते.’

“चहा घेतलास का, विचार.”

“काका!”

“लाइनमनला चहा पाजल्याशिवाय तो खांबावर चढत नाही. विचार.”

मी नाइलाजाने लिहिलं: केविन, चहा झाला का? बराच वेळ काहीच नाही. मग आलं: ‘नाही सर. ब्रेक साडेनऊला आहे.’ पहिल्यांदाच त्या चौकटीत कुणीतरी माणूस असल्यासारखं वाटलं.

“कुठे बसतोस?” काकांचा पुढचा प्रश्न.

‘ते मला सांगता येत नाही सर.’

“हिंजवडी,” काका म्हणाले. “बाकी कुठल्या गावाचं नाव सांगायला माणूस लाजत नाही.”

साडेनऊला दोन मिनिटं कमी असताना केविनचा शेवटचा मेसेज आला, आभार-संयम काही नसलेला: ‘सर, ॲक्सेस लॉग बघा. ॲड टू कार्ट.’ आणि तो गेला.

मी लॉग उघडला, म्हणजे साइटवर कोण येऊन काय दाबून गेलं त्याची नोंदवही. प्रकार असा होता. आमच्या प्लॅनमध्ये पीएचपी वर्कर दोन. वर्कर म्हणजे काउंटरवरची माणसं. साधी पानं कॅशमधून जातात, त्यांना माणूस लागत नाही. पण कुणी ‘पिशवीत टाका’, म्हणजे केविनचं ‘ॲड टू कार्ट’, दाबलं की ते पान ताजं बनवावं लागतं, म्हणजे एक वर्कर अडकतो. आणि ‘पिशवीत टाका’ हे शेवटी एक दुवाच. जगभरचे बॉट, म्हणजे आपोआप साइट चाळत फिरणारे प्रोग्राम, सर्च इंजिनांचे, हल्ली एआयवाल्यांचे, दिसेल तो दुवा दाबत सुटतात. दुपारपासून ते मावशीचे अनारसे पिशवीत टाकत होते. सेकंदाला कितीतरी वेळा. साजूक तुपातले, खसखस लावलेले. पैसे एकानेही दिले नाहीत. काउंटरवरची दोन माणसं त्यांच्यात अडकली आणि मागे उभी असलेली बोस्टनची भाची ५०३ घेऊन परत गेली.

हे मावशीला सांगितलं तेव्हा ती दूध ढवळत होती. “म्हणजे पिशवीत घेतात आणि ठेवून जातात?”

“हो.”

“ती तर लक्ष्मी रोडवर रोज करतात. त्यासाठी दुकान बंद ठेवतं का कोणी?” आणि तिने वही काढून भाचीला व्हॉट्सॲपवर फोन लावला. चार ऑर्डरी तिथल्या तिथे लिहून घेतल्या.

तो दुवा बॉटांसाठी बंद करणं हे ‘मॅनेज्ड’मध्ये बसत नाही, असं मदतपानावर सापडलं. मीच केलं. रात्रीचा एक वाजला होता. गच्चीवरची मंडळी दूध पिऊन घरी गेलेली, चंद्र डोक्यावर. कोजागिरीला लक्ष्मी म्हणे फिरत विचारत जाते, को जागर्ति, कोण जागं आहे? चोवीस तास मदत देणारी कंपनी ४८ तासांसाठी झोपली होती. जागा होतो मी, पैसे भरून निवांत झोपणारा. लक्ष्मी काही आली नाही. दोन दिवसांनी वरच्या टीमचं उत्तर आलं: साइट आम्हाला व्यवस्थित दिसते आहे, तिकीट बंद करत आहोत.

आणि आज हे स्टार. नीट वाचलं तर लक्षात येतं, कंपनी कशी वाटली असं ते विचारतच नाहीत. केविन कसा वाटला, एवढंच. कमी दिले तर कापला जाणार तो, ज्याने ब्रेकआधी दोन मिनिटं खरं सांगितलं. तीन वर्षांचे पैसे आधी घेणाऱ्यांना स्टार द्यायची सोयच नाही.

काका सकाळी मावशीचा डबा द्यायला आले होते. त्यांना दाखवलं.

“पाच दे,” ते म्हणाले. “चहा न पिता खांबावर चढला तो.”

दिले. खाली ‘काही सांगायचं आहे?’ असं खोकं होतं. काका सांगत गेले, मी लिहीत गेलो. अक्षरांची मर्यादा असते हे आम्हाला पाठवल्यावर कळलं. गेलं ते एवढंच: ‘पुण्यात असाल तर चहाला या, मात्र येण्याआधी’.