‘टेकडीवर सायकल बंद करा’ : एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा ओसरला की पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवेळी थोडे वेगळे, मुद्दे तेच. गिअरच्या सायकलींनी पायवाटा उखडल्या. मोर आणि तित्तर पळाले. परदेशात अशा वाटांवर सायकलीला सक्त मनाई आहे. हे लोक म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर सायकली घालतात. सबब टेकडी चालणाऱ्यांचीच आहे, सायकलबंदीच्या अर्जावर सही करा आणि दहा जणांना पाठवा.

मी टेकडीवर चालतो आणि सायकलही चालवतो, त्यामुळे शिव्या दोन्हीकडच्या ऐकू येतात. या मजकुरातला एक मुद्दा खरा आहे आणि नेमका तोच लिहिणाऱ्याने शेवटी एका ओळीत उरकलाय. बाकीचे चुकीचे किंवा अर्धवट आहेत. ते खोडले की सायकलवाले खूश होतात आणि खऱ्या मुद्द्यालाही त्याच झाडूने झाडून टाकतात. म्हणून एकेक घेऊ.

‘सायकलींनी वाटा उखडल्या’

बघताक्षणी पटावं असंच हे वाक्य आहे. ओल्या मातीत टायरची नक्षी सलग, लांबलचक उमटते. बुटांचे ठसे तुटक असतात आणि एकमेकांवर पडून पुसले जातात. त्यामुळे शंभर माणसं चालून गेली तरी कोणाचं नाव होत नाही, दोन सायकली गेल्या की पुरावा सकाळपर्यंत तसाच. पण ठसा दिसणं वेगळं आणि माती वाहून जाणं वेगळं.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी या दोघांनी हे मोजलं होतं. १९९४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोंगरवाटेचे छोटे तुकडे आखले, त्यांवरून चालणारी माणसं, घोडे, मोटरसायकली आणि डोंगरी सायकली ठरावीक वेळा नेल्या, मग वरून कृत्रिम पाऊस पाडून किती माती वाहून येते ते तपासलं. पायांनी, म्हणजे माणसांच्या आणि घोड्यांच्या, सुटी झालेली माती चाकांपेक्षा जास्त भरली. कॅनडातल्या ओंटारिओत थर्स्टन आणि रीडर यांनी पानझडी जंगलात, जिथे आधी वाटच नव्हती अशा जमिनीवर, ५०० फेऱ्यांपर्यंत हाच खेळ केला. त्यांचा अभ्यास २००१चा. झाडोरा किती तुडवला गेला, माती किती उघडी पडली, या दोन्हींत चालणारे आणि सायकलवाले यांच्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. वर्षभराने बराचसा झाडोरा परत आला होता.

यावरून सायकल सोवळी ठरत नाही. मोजमाप करायचं म्हणून चालवलेली सायकल आणि रविवारी मित्रांसमोर चालवलेली सायकल यांत फरक असतो. आमच्यातले काही जण तीव्र उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबतात आणि अडकलेलं चाक घासत खाली येतात. त्या जागा जवळ जाऊन बघा. मुरमात चाकाएवढा रुंद, बोटभर खोल चर पडलेला असतो आणि कडेला सुट्या खड्यांची रांग लागलेली असते. पुढच्या जोराच्या सरीला पाणी इकडेतिकडे न पसरता त्याच चरातून धावतं आणि बोटभराचा वीतभर व्हायला एक पावसाळा पुरतो. दोन्ही ब्रेक हलके वापरून उतरणाऱ्याच्या मागे असं काही राहत नाही. ज्याला चाक न घासता तो उतार उतरता येत नाही, त्याने सायकल हातात धरून खाली आणावी. त्यात कमीपणा काही नाही.

मात्र टेकडीवरचे सगळ्यात मोठे ओघळ सायकलींचे नाहीत. ते आहेत उभ्या चोरवाटांचे. वळणावळणाची वाट सोडून नाकासमोर वर चढायचं म्हणून पाडलेल्या या वाटा. डोंगरात वाटा आखणाऱ्यांचा एक साधा आडाखा आहे: वाटेचा चढ त्या जागच्या उताराच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. तसा असला की पाणी वाट आडवी ओलांडून खाली निघून जातं. त्याहून उभी वाट केली की पाण्याला वाटच सोयीची पडते. मग त्यावर चाक फिरो की पाऊल पडो, माती जाणारच. या उभ्या वाटांवरून गिअरची सायकलसुद्धा चढत नाही. त्या वेळ वाचवणाऱ्या आणि घाम काढू पाहणाऱ्या पायांनी पाडल्या आहेत. उतरताना सायकलवाले त्यांचा फायदा उठवतात हे खरं, तेही थांबायला हवं. दुसरा प्रकार चिखलाचा. वाटेच्या मधोमध डबकं साचलं की बूट खराब होऊ नयेत म्हणून आपण कडेच्या गवतातून जातो. दोन महिन्यांत हातभर रुंदीची वाट बैलगाडी जाईल एवढी होते. यात दोन्ही जमाती सामील आहेत.

‘पक्षी-प्राणी सायकलींना घाबरून पळाले’

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अँटिलोप आयलंडवर टेलर आणि नाइट यांनी बायसन, म्यूल हरणं आणि प्रॉंगहॉर्न यांच्यावर केलेला अभ्यास २००३ साली आला. माणूस पायी आला की सायकलवर, यावरून त्या जनावरांच्या दचकण्यात आणि पळण्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो माणसाने वाट सोडल्यावर. वाटेपासून १०० मीटरच्या आत असलेलं जनावर उठून पळण्याची शक्यता, माणूस वाटेवरच असेल तर, सुमारे ७० टक्के होती. माणूस वाट सोडून चालला तर म्यूल हरणांच्या बाबतीत ती ९६ टक्क्यांवर गेली आणि ७० टक्क्यांवर उतरायला ३९० मीटर अंतर लागलं.

तिकडच्या उघड्या माळावरची मोठी जनावरं आणि आपल्याकडे जमिनीवर अंडी घालणारे टिटवी, रातवा, तित्तर यांची गोष्ट एक नाही, हे कबूल. सायकलवाला तासाभरात चालणाऱ्यापेक्षा लांबवर पोचतो, म्हणजे जास्त पाखरांना उठवतो, हेही कबूल. पण ज्याचं घरटं गवतात जमिनीवर आहे त्याला धोका वाटेवरच्या चाकापेक्षा वाट सोडून गवतात घुसणाऱ्या कोणाचाही जास्त. त्यात फोटोसाठी आत शिरणारे आले, नवी ‘लाइन’, म्हणजे उतरायची नवी वाट, शोधणारे सायकलवाले आले आणि पट्टा सोडलेली कुत्री तर पहिली आली. फॉरवर्डमध्ये कुत्र्यांबद्दल अवाक्षर नाही. कारण उघड आहे, ती फॉरवर्ड करणाऱ्यांचीच आहेत.

‘परदेशात सक्त मनाई’

कुठल्या परदेशात? अमेरिकेत १९६४च्या कायद्याने ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलेल्या जंगलांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि त्यात सायकल मोडते. त्याच देशातल्या इतर राष्ट्रीय वनांमध्ये असंख्य वाटा सायकलींना खुल्या आहेत. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवता येत नाही, फक्त खास मोकळ्या केलेल्या वाटा सोडून. तिथून फार लांब नसलेल्या स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांताने बरोबर उलटं धोरण धरलंय: वाटा सामाईक, एकमेकांना सांभाळून घ्या. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलवाल्याला जवळजवळ सगळीकडे मुभा आहे. म्हणजे ‘परदेश’ हा पुरावा दोन्ही बाजूंना हवा तसा वाकवता येतो.

मला यातला एकच दाखला कामाचा वाटतो, तो कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचा. १९७०च्या दशकात तिथल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावर सोडल्या आणि डोंगरी सायकलींचा खेळ सुरू झाला. भांडणंही तिथेच सुरू झाली. त्या डोंगरावरच्या अरुंद वाटा सायकलींना दशकानुदशकं बंद राहिल्या. रुंद वनरस्ते खुले ठेवले गेले, पण वेगाची मर्यादा घालून: ताशी १५ मैल, आणि न दिसणाऱ्या वळणावर किंवा कोणाला ओलांडताना ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘अंगावर सायकली घालतात’

हा खरा मुद्दा. इथे सायकलवाल्यांचं नेहमीचं उत्तर असतं, ‘अपघात किती झाले सांगा.’ हे उत्तर चुकीचं आहे. धक्का लागला नाही म्हणजे काही झालं नाही, असं होत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू घाणेरीच्या झुडपाआडच्या वळणावर आहेत आणि समोरून सायकल सुसाट येऊन हातभर अंतरावरून गेली, तर त्यांच्या पायातलं बळ तिथेच जातं. दुसऱ्या दिवशी त्या टेकडीवर येत नाहीत. या गोष्टीची कुठे नोंद होत नाही.

जरा हिशोब करू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. टेकडीच्या उतारावर एवढा वेग पायडल न मारता येतो. वळणापुढचं दिसतंय १० मीटर. समोर माणूस आहे हे डोळ्यांनी टिपून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातो आणि सुट्या मुरमावर सायकल थांबायला आणखी सहा-सात मीटर लागतात. गणित जमत नाही. तुमचे ब्रेक कितीही महागाचे असोत, जमत नाही. ताशी ८ किलोमीटरला मात्र सगळं मिळून तीन-चार मीटरांत आटपतं. मरीनवाल्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. त्यात आजच्या डोंगरी सायकलीचं हँडल ७५ ते ८० सेंटीमीटर रुंद असतं, आणि टेकडीवरच्या कित्येक वाटा तेवढ्याही नाहीत. ‘बाजूने काढतो’ म्हणायला बाजू असावी लागते.

यावर आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक उलटा दावा फिरतो, तोही इथेच निकालात काढतो: ‘चालणाऱ्याला एक पाऊल बाजूला होणं सोपं, आम्हाला थांबून पुन्हा सुरू होणं अवघड. म्हणून त्यांनीच वाट द्यावी.’

डोंगरी सायकलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, ‘इम्बा’चे, स्वतःचे नियम नेमकं उलटं सांगतात: सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १९६८ पासून हा कायदाच आहे. घोडेवाटांवर सायकलींना परवानगी दिली ती चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवरच. ‘एक पाऊल बाजूला’ हे तिशीतल्या माणसाला सोपं. सत्तरीतल्या माणसाला उताराच्या बाजूच्या सुट्या खड्यांवर ते पाऊल टाकायला लावणं म्हणजे जोखीम त्याच्या गळ्यात टाकणं. आणि तुम्ही येताय हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नसतं.

चढावर थांबलं की पुन्हा सुरू करता येत नाही, हे मात्र मी सोसलेलं आहे. सुट्या दगडांच्या चढावर एकदा पाय टेकला की सपाटी येईपर्यंत सायकल ढकलतच न्यावी लागते. म्हणूनच दोन सायकलवाले समोरासमोर आले तर उतरणारा थांबतो आणि चढणाऱ्याला जाऊ देतो. धापा टाकत चढणाऱ्या सायकलवाल्याला पुष्कळ चालणारेही आपणहून जागा देतात, वर ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतात. ‘थँक यू काका’ म्हणून पुढे जावं. पण ते देणं त्यांच्या मर्जीवर असतं. देतीलच असं धरून वळण घ्यायचं नाही.

वाट द्यायची म्हणजे घंटी वाजवून त्याच वेगात येणं नव्हे. घंटी लांबून, एकदा. पाठीमागे पोचून वाजवली तर माणूस दचकून मागे वळतो आणि वळताना नेमका तुमच्या बाजूला सरकतो. ‘डावीकडून, डावीकडून’ असं ओरडण्याचाही परिणाम बहुतेक वेळा तोच. त्यापेक्षा वेग चालण्याइतका करून ‘काका, मागे सायकल आहे, सावकाश’ म्हणावं. पुढे जाताना ‘मागे अजून दोघं आहेत’ हे जरूर सांगावं. पहिला गेला म्हणून काका वाटेवर परत येतात आणि दुसरा त्यांच्यावर येऊन थडकता थडकता राहतो, हे टेकडीवर नेहमी होतं. स्वतः थांबायचं झालं तर वाटेच्या कडेलाच पाय टेकून थांबावं, सायकल गवतात घालू नये.

चालणाऱ्यांकडून मागणं थोडकंच आहे. एक कान इअरफोनपासून मोकळा ठेवा, चौघांनी ओळीने गप्पा मारत वाट अडवू नका, कुत्रा पट्ट्याला असू द्या.

राहिला अर्ज. सायकलबंदीवर माझी सही मिळणार नाही, कारण बंदी आली तरी उभ्या चोरवाटांतून माती वाहायची थांबणार नाही आणि भरधाव येणारा फाटकाशेजारच्या तारेतून आत शिरेलच. पण वळणांवर आणि कोणाला ओलांडताना चालण्याचा वेग, जोराच्या पावसानंतर वाट निथळेपर्यंत सायकल घरी, चाक घासत उतरणाऱ्याला इतर सायकलवाल्यांनीच अडवायचं आणि उभ्या चोरवाटा बंद, असा अर्ज लिहिला तर पहिली सही माझी. चोरवाटांच्या तोंडाशी दगड रचायचे आणि काटेरी फांद्या टाकायच्या हे काम वनखात्याला विचारून एखाद्या रविवारी होण्यासारखं आहे. दहा सायकलवाले मी आणतो, फॉरवर्डवाल्यांनी दहा चालणारे आणावेत. हातमोजे आपापले.